बायजाने समुद्राला मारलेली हाक

बायजा मडावीला समुद्र कधी आवडला नाही, आणि तरीही तिच्याइतके समुद्रकिनारे अख्ख्या हिंगणघाट तहसिलीत दुसऱ्या कोणी पाहिले नसतील. तिचं गाव वडनेरपासून कोसभर आत, पळसांच्या झाडीत दडलेली गोंडांची लहानशी वस्ती. तिथल्या माणसाच्या लेखी पाणी म्हणजे नदी, नाला, नाहीतर विहीर. त्यापलीकडचंही पाणी असतं हे ऐकून माहीत होतं, पण ऐकून तर इंद्राचा दरबारही माहीत असतो.

बायजा अंगानं काटक. हातांवर कोपरापर्यंत गोंदण, गालात तंबाखूची गोळी आणि बोलणं त्या गोळीएवढंच. नवरा पुनाजी जंगलातल्या कामावर जायचा, पण डोळ्यांत फूल पडून दिसेनासं झालं आणि तो घरी बसला. तेव्हापासून बायजा वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत नरहरपंतांकडे धुणंभांडी करायची. नरहरपंत कचेरीत कारकून, बायको लीना नवी नवरी, आणि मागच्या खोलीत बायजा. सणावाराला ती गावी जायची आणि लीनाबाईनं दिलेला गूळ पुनाजीच्या हातावर ठेवायची.

तिला एकच मुलगा, जंगू. तो घुमा होता. घरात गोंडी बोलायचा, बाहेर गरजेपुरतं वऱ्हाडी, आणि गरज त्याला फारशी पडायची नाही. लग्न झालं, घरात सुंदरा आली, आणि वर्ष व्हायच्या आत एका ठेकेदारानं कोकणातल्या खाडीवरच्या पुलासाठी गावोगावची माणसं जमवली. जंगू गेला. शेजारच्या वाडीतला नत्थू कुणबीही त्याच टोळीत गेला. उन्हाळा सरता सरता नत्थू परत आला तो एकटाच.

"सुटीच्या दिवशी एकलाच आंघोळीले गेलता माय," नत्थू दारात उभ्या उभ्याच म्हणाला. "लाटेनं नेला म्हणतात. आमी लय शोधलं. पण त्या गावाच्या चहूकडं समुद्रच हाये. कोठं कोठं पाहाव?"

बायजा रडली. पुनाजी रडला नाही, तो विचारात पडला. त्यांच्यात रीत अशी की, माणूस गेला की घरची माणसं पाण्यावर जातात, त्याच्या नावानं हाक मारतात आणि पाण्यात हात घालतात. मासोळी असो, किडा असो, पहिला जो जिवंत जीव हाताला लागेल तो म्हणजे आपला माणूस. त्याला घरी आणायचं आणि घरच्या देवांत, मेलेल्या पूर्वजांच्या पंगतीत बसवायचं. मग तो घरचाच राहतो. असं आणलं नाही तर तो भटकत राहतो, आणि मागे राहिलेल्यांनाही चैन पडू देत नाही. जंगू घरी येईपर्यंत सुंदरा सवाष्णही नव्हती आणि विधवाही नव्हती. ती नुसती कोपऱ्यात बसून असायची.

"नाव घेऊन हाक मार," पुनाजीनं बायजाला बजावलं, "पण जपून मार. त्या नावानं एकदा जीव आला की ती हाक संपली. पुन्हा त्या नावानं पाण्यावर कोणाले बुलावता येत नाई."

पण समुद्रापर्यंत जायचं कसं? वडनेरहून हिंगणघाटला जायचं तर माणूस चार वेळा विचार करतो. बायजा पुन्हा सिंदी मेघेला भांडी घासायला आली.

देवाला असल्या गोष्टींत कधी कधी फार रस असतो. त्याच साली राज्याच्या रेघा बदलल्या, वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला आणि सरकारनं कारकुनांचे पत्ते पिसले. नरहरपंतांची बदली निघाली ती थेट मालवणच्या बाजूला, एका लहानशा बंदरगावी. घरात सुतक पडल्यासारखं झालं. लीनाबाई डोळे पुसत डबे भरू लागली. बायजानं गावाचं नाव दोनदा विचारून घेतलं. नत्थूनं सांगितलेलं तेच नाव होतं.

"बाई," ती म्हणाली, "मी येतो तुमच्या संगं."

लीनाबाईला वाटलं, केवढी ही माया! ती बायजाच्या गळ्यातच पडली.

बंदरगाव मोठं सुस्त होतं. दुपारी जेवून सगळं गाव जे निजायचं ते चारला उठायचं, आणि उठल्यावरही घाई कोणालाच नसायची. दुकानदार गिऱ्हाईकाला म्हणायचा, घे तुझं तू काढून. कचेरीतली कागदपत्रं दमट हवेनं पापडासारखी मऊ पडायची आणि नरहरपंत त्यांच्यावर चिडचिड करायचे. महिन्याभरात तेही दुपारचे निजू लागले. रविवार आला की लीनाबाई दशम्या, चटणी आणि पाण्याची सुरई बांधायची, आणि तिघं कुठल्या तरी नव्या किनाऱ्यावर जायची. त्या गावाच्या आसपास किनाऱ्यांना तोटा नव्हता. डोंगराची एक सोंड उतरली की एक किनारा, दुसरी उतरली की दुसरा, आणि बहुतेकांवर चिटपाखरू नसायचं. नरहरपंत टोपी तोंडावर घेऊन वाळूत आडवे व्हायचे. लीनाबाई शिंपले वेचायची. बायजा "आलीच" म्हणून दूर निघून जायची.

दोघांना नजरेआड केलं की ती पाण्यात उतरायची, आणि गोंडीत, फार मोठ्यानं नाही, जंगूला हाक मारायची. मग वाकून पाण्यात हात घालायची.

पाणी हातात राहायचंच नाही. नदीचं पाणी एका दिशेनं जातं, त्याची सवय हाताला असते. हे पाणी यायचं, मनगटाला धरायचं, आणि पायाखालची वाळू ओढत मागे सरायचं. बायजाचे पाय घोट्यापर्यंत रुतायचे आणि मूठ रिकामी यायची.

पहिला किनारा सुरूच्या झाडांचा होता. वारा नसताना त्या झाडांतून कोणी झोपेत श्वास घ्यावा तसा आवाज यायचा. दुसरा काळ्या खडकांचा. तिथे बिनदाराचं एक देऊळ होतं आणि आत ताजा दिवा लावलेला होता, पण वाळूवर जाणाऱ्याची किंवा येणाऱ्याची एकही पाऊलखूण नव्हती. बायजानं देवाला हात जोडले आणि तिथे हाक मारायचं टाळून ती निघाली, मग वाटेतून परत फिरली, कारण जंगू तिथेच असला तर? तिनं हाक मारली. हाताला काही लागलं नाही.

तिसऱ्या किनाऱ्यावर गावातली गुरं येऊन बसली होती. भर दुपारी तापलेल्या वाळूत, सगळी समुद्राकडे तोंड करून, निवांत रवंथ करत. बायजा त्यांच्यामधून वाट काढत पाण्याशी गेली आणि तिनं हाक मारली. हाकेसरशी सगळी गुरं रवंथ करायची थांबली, आणि ती वळली तर त्यांच्या माना वळलेल्या होत्या. तिच्याकडे नाही, तिच्या मागे. बायजानं पुन्हा पाण्याकडे वळून पाहिलं नाही. पदर आवळून ती सरळ लीनाबाईजवळ येऊन बसली आणि पुढचे दोन रविवार अंग दुखतं म्हणून घरीच राहिली. ती घाबरली होती, आणि मुलाला शोधताना आपण घाबरलो याची तिला लाज वाटत होती.

असं वर्ष सरत आलं. किनारे संपत आले. एकीकडे बायजाच्या तोंडात तिथली बोली बसत चालली होती. मासळी वाळत घालणारी एक म्हातारी तिची मैत्रीण झाली. सुक्या बांगड्यांवरचे कावळे हाकताना दोघी एकमेकींना तंबाखू द्यायच्या. एके दिवशी बायजानं तिला खरं काय ते सांगितलं.

"तुजो झील?" म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. "पुलावरचो? कोणाशी बोलायचो नाय तो?"

"तोच."

"तरीपलीकडच्या वेळेवर गेलो तो. पण थय जाव नको गो. ती वेळ बरी नाय. गलबतां फुटलेली थयसर लागतत, माणसां थयसर लागतत. थय कोणाक नावान हाक मारू नये. एकाक हाक मारलंस तर सगळे वळान बघतत."

वेळ म्हणजे तिकडच्या बोलीत किनारा. तो खाडीपलीकडचा किनारा तेवढा राहिला होता, कारण तिथे जायला तरीच्या होडीनं खाडी ओलांडावी लागे आणि लीनाबाईला होडीत चक्कर यायची. त्याच आठवड्यात नरहरपंतांच्या हाती बदलीचा हुकूम पडला. पुन्हा वर्धा. लीनाबाईनं देवापुढे साखर ठेवली. बायजानं पहिल्यांदाच तिच्याकडे काही मागितलं.

"बाई, एक डाव त्या पल्याडच्या किनाऱ्यावर जाऊ."

तो किनारा फार देखणा होता, हे सांगितलंच पाहिजे. पांढरी वाळू, केवड्याचं बन आणि हिरवं पाणी. नरहरपंतांनासुद्धा वर्षभरात पहिल्यांदाच बदली झाल्याचं थोडं वाईट वाटलं. पण तिथे पक्षी नव्हता. वाळूतले चिमुकले खेकडे, जे इतर किनाऱ्यांवर माणसाच्या पुढे पुढे पळत सुटतात, तेही नव्हते. लाट फुटायची, पण तिचा आवाज जरा उशिरानं यायचा. लीनाबाईनं शिंपले वेचले नाहीत. "आपण लवकर निघू या हं," ती म्हणाली आणि नवऱ्याला चिकटून बसली.

बायजा पाण्यात उतरली. जंगू इथेच होता. हे तिला आता कळलेलं होतं. तिनं गोंडीत हाक मारली आणि पाण्यात हात घातला. काही नाही. पुन्हा मारली. लाट आली, गेली. घसा सुकेस्तोवर ती हाका मारत राहिली. मागून तरवाल्याची शीळ ऐकू आली. भरतीची वेळ होत होती आणि त्याला परत जायचं होतं. नरहरपंत उठून कपडे झटकू लागले.

तेव्हा बायजाच्या मनात आलं ते आलं. जंगूला माझी बोली कळते, पण या पाण्याला कुठे कळते? वर्षभर मी गोंडीत बोलतेय आणि हे पाणी परदेशी माणसासारखं नुसतं तोंडाकडे बघतंय. ज्याच्या ताब्यात आपला माणूस आहे, त्याला त्याच्या बोलीत विचारायला नको? कचेरीत कामाला गेलं तर साहेबाच्या बोलीत बोलावं लागतं, मग हा तर समुद्र. तिला स्वतःच्या बावळटपणाचा राग आला. म्हातारीचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तिनं ते बाजूला सारलं, कारण तरवाला दुसऱ्यांदा शीळ घालत होता.

"जंगू!" ती मराठीत ओरडली, घाईत तोंडाला आलं त्या वऱ्हाडीत. "जंगू, बापू, घरी चाल! तुयी माय आली हाये, चाल घरी!"

लाट थांबली. तसं होत नाही, पण लीनाबाईनंही ते पाहिलं आणि पुढे पुष्कळ वर्षं ती ते शपथेवर सांगायची. पाणी गुडघ्याशी स्थिर उभं राहिलं, आणि बायजानं हात घातला त्या क्षणी तिच्या मुठीत काहीतरी स्वतःहून येऊन शिरलं.

तो शंख होता. बोरापेक्षा थोडा मोठा, आणि आतून बारीक तांबूस पाय बाहेर येत होते.

"अगं, हा तर शंखातला खेकडा," नरहरपंत होडीत म्हणाले. माहिती द्यायची संधी ते सोडत नसत. "शंख याचा नसतोच. दुसरा कोणी मेला की त्याच्या रिकाम्या घरात हा जाऊन राहतो."

"जीव तं हाये नं त्यात," बायजा म्हणाली. ती हसत होती. वर्षभरात लीनाबाईनं तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मडक्यात समुद्राचं पाणी अर्ध्यापर्यंत भरून, तोंडाला फडकं बांधून, बायजानं ते मांडीवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही. मोटार झाली, आगगाडी झाली, वर्धा आलं. तिथून वडनेरकडे जाणाऱ्या मोटारीत ती एकटीच बसली. जामच्या फाट्यावर मोटार थांबली, लोक चहाला उतरले, आणि तिच्या लुगड्याला गारवा लागला. मडक्याचं फडकं ओलं झालं होतं. अर्धं भरलेलं पाणी काठोकाठ आलं होतं.

"हिंदकळलं असन," ती स्वतःशी म्हणाली. मोटार तर उभी होती.

गावात आनंद झाला. बायजा समुद्रातून पोराला घेऊन आली, ही काय लहान गोष्ट होती? मोहाची फुलं वाहिली, कोंबडं कापलं. पुनाजीनं चाचपडत मडकं देवांच्या कोपऱ्यात ठेवलं आणि गोंडीत विचारलं, आलास का बाबा? मग रीतीप्रमाणे पाण्यात तांदळाचे दोन दाणे सोडले. दाणे एकमेकांकडे सरकून टेकले की समजायचं, माणूस घरच्यांत मिसळला.

दाणे दोन बाजूंच्या काठांना जाऊन राहिले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पुनाजी रोज गोंडीत बोलायचा, जंगूच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायचा, आणि दाणे हलायचे नाहीत. "थकला असन," बायजा म्हणायची. मडक्यातलं पाणी सकाळी तळाशी गेलेलं असायचं आणि दुपारी काठाशी आलेलं. वडनेरच्या त्या कोरड्या ठणठणीत उन्हाळ्यात घरातलं मीठ पाघळू लागलं. आगपेटीच्या काड्या पेटेनात. घरात मासळीचा नाही, पण मासळीच्या आधीचा, नुसत्या ओल्या वाळूचा वास यायचा.

मग एका दुपारी बायजा मोहफुलं वेचून परतली तर सुंदरा अंगणात, भर उन्हात उभी. घरात जायला ती तयार नव्हती.

"माय, आत मानूस बोलला," ती म्हणाली. "मी झाडत होतो. कोपऱ्यातून बोलला. हळूच. रडल्यावानी."

"काय बोलला? जंगू बोलला?"

"आवाज त्यायचा नोहता. बोलीबी आपली नोहती. मले काई समजलं नाई." सुंदरानं डोळे मिटले आणि लहान मूल पाठ केलेलं म्हणून दाखवतं तसं एकेक अक्षर काढून म्हटलं, "माका... घराक... जावचा... आसा."

सुंदरा उभ्या जन्मात हिंगणघाटच्या पुढे गेलेली नव्हती. हे शब्द तिला कोणी शिकवलेले नव्हते. बायजाला मात्र ते आरपार समजले. मला घरी जायचं आहे.

ती तिथेच ओसरीवर बसली. मी गोंडीत हाका मारत होते तोवर फक्त जंगूला कळत होतं, माझी माय बोलावते आहे. मीच मराठीत ओरडले. साऱ्या समुद्रानं ऐकलं. फुटलेल्या गलबतांतल्या प्रत्येकानं ऐकलं की कोणाची तरी आई आली आहे आणि घरी चल म्हणते आहे. कोण थांबेल? जो जवळ होता तो धावत आला.

संध्याकाळी तिनं पुनाजीला सांगितलं. तो म्हणाला, त्याला नदीत सोडून दे, वाहत वाहत जाईल आपल्या घरी.

"नाई जायचा," बायजा म्हणाली. "आपली नदी दुसऱ्याच समुद्राले जाते. पंतायनं सांगतलं होतं मले. थो आनखीच चुकन."

"मंग काय करतं?"

बायजा उठून कोपऱ्यात गेली आणि मडक्याशी बसली. शंखातले पाय बाहेर आले, थांबले. तिला त्याचा राग यायला हवा होता. यानं जंगूची जागा घेतली होती, जंगूची हाक संपवली होती. पण तिला ते रडणारं बोलणं ऐकू येत होतं, आणि ते ऐकून राग धरता येईना.

"रव बाबा," त्याला इथेच राहायला सांगत ती त्या म्हातारीच्या बोलीत हळूच म्हणाली. "हयसर रव. मी आसंय."

तिनं दोन दाणे सोडले. ते काठ सोडून मधोमध आले आणि एकमेकांना टेकले. आंधळा पुनाजी मागून विचारत होता, काय झालं, काय झालं. बायजानं सांगितलं, मिसळला. दुसऱ्या दिवसापासून मडक्यातलं पाणी चढायचं-उतरायचं थांबलं, मीठ कोरडं झालं आणि सुंदरा घरात निजू लागली. गावाला त्यांनी काही सांगितलं नाही. गावाच्या लेखी जंगू घरी आला होता. त्या गोंडी बोलणाऱ्या घरात बायजा रोज सांजवेळी कोपऱ्याशी बसून कोकणातलं बोलायची, आणि शेजारपाजारच्या बाया म्हणायच्या, बायजाला समुद्राचा वारा लागला.

बाजाराच्या दिवशी तिनं नत्थूला गाठलं. तो बैलजोडीला पाणी पाजत होता.

"नत्थू, एक विचारतो. खरं सांगजो. तिकडं असताना जंगू त्या लोकायची बोली शिकला होता का? थोडी तरी?"

"काऊन वो माय?"

"तिकडंबी कोणाकोणाची माय असन. कोणी आपल्या पोराले हाक मारन. जंगू जवळ असला, तं त्याले समजन का? जाईन का तो त्यायच्या घरी?"

नत्थूनं आठवून पाहिलं. खोटं बोलावं असं त्याच्या मनात येऊन गेलं असेल, पण बायजा त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"नाई माय," तो म्हणाला. "एक शब्दबी नाई शिकला. त्याले तं तुयीच बोली समजे."

बायजा बरं म्हणाली. बैल पाणी पिऊन होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली आणि मग बाजाराची पिशवी उचलून घराकडे चालू लागली.